हार्ट पेशंटच्या दातांकडे लक्ष का द्यायचं? प्रश्न फक्त अ‍ॅटॅकचा नाही, रोजच्या जेवणाचाही आहे

हृदयरोग तज्ज्ञांच्या ओपीडीत काही प्रश्न ठरलेले असतात. छातीत दुखतं का? जिना चढताना दम लागतो का? पायांवर सूज येते का? गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? बीपी बघितलं जातं, ईसीजी निघतो, जुना इको रिपोर्ट चाळला जातो. आणि उठता उठता सल्ला मिळतो - मीठ कमी करा, तळलेलं बंद करा, काकडी-गाजर-मुळा खा, फळं खा, मोड आलेली कडधान्यं खा.

यात एक प्रश्न सहसा राहून जातो. हे सगळं चावणार कशानं?

ज्याच्या दाढा पडल्यात, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा कवळी सारखी निसटतेय, तो माणूस डॉक्टरांसमोर मान डोलावतो, घरी येतो आणि चहात बुडवून टोस्ट खातो. डॉक्टरांना वाटतं पेशंट पथ्य पाळत नाही. घरच्यांनाही तेच वाटतं.

सोशल मीडियावर दात आणि हृदय या विषयावर भरपूर रील्स फिरतात. त्यांचा सूर साधारण एकच - 'रात्री ब्रश केला नाही तर हार्ट अ‍ॅटॅक येतो'. या दाव्यात थोडं तथ्य आहे आणि बरंच ताणलेलं आहे, ते पुढे पाहूच. पण ज्यांना हृदयाचा आजार आधीच झालाय, त्यांच्या तोंडाचं पुढे काय होतं, यावर फारशी चर्चा होत नाही. खरंतर तिथली माहिती जास्त पक्की आहे आणि कामाचीही.

खराब दातांमुळे हार्ट अ‍ॅटॅक येतो का?

आधी थोडा इतिहास, कारण या प्रश्नावर डॉक्टर इतकं जपून का बोलतात ते त्यातून कळतं.

१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये एक भाषण दिलं. तोंडातला जंतुसंसर्ग शरीरातल्या अनेक आजारांचं मूळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ही कल्पना इतकी उचलली गेली की पुढची काही दशकं, विशेषतः अमेरिकेत, सांधेदुखीपासून मानसिक आजारापर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात उपटले गेले. आजार काही बरे झाले नाहीत, माणसं मात्र बोळकी झाली. मग ही कल्पना मागे पडली.

१९८९ मध्ये ती वेगळ्या रूपात परत आली. फिनलंडमधले डॉक्टर किम्मो मातिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट अ‍ॅटॅक आलेल्या १०० जणांच्या तोंडाची तपासणी केली आणि अ‍ॅटॅक न आलेल्या १०२ जणांशी तुलना केली. अ‍ॅटॅक आलेल्यांचे दात आणि हिरड्या जास्त खराब निघाल्या. २०१० मध्ये स्कॉटलंडमधल्या ११ हजारांहून जास्त लोकांची माहिती प्रसिद्ध झाली. सरासरी आठ वर्षांच्या काळात, क्वचितच ब्रश करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका दिवसातून दोनदा ब्रश करणाऱ्यांपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त दिसला. रील्समध्ये फिरतो तो आकडा बहुतेक वेळा हाच.

आता अडचण अशी की जो माणूस ब्रश करत नाही, तो इतरही बऱ्याच गोष्टी करत नाही किंवा नको त्या करतो. तंबाखू आणि मधुमेह या दोन्हींमुळे हिरड्याही बिघडतात आणि हृदयही. महाराष्ट्रात तर हा गुंता आणखी घट्ट आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू वापरतात, म्हणजे खातात, मळतात किंवा लावतात. त्यात मिश्री आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड गावोगावच्या बायका 'दात घासायला' म्हणून हिरड्यांवर चोळतात. दुखऱ्या हिरडीला तात्पुरतं बरं वाटतं, म्हणून दिवसातून आणखी एकदा लावली जाते. आता अशा बाईला पुढे अ‍ॅटॅक आला, तर दोष हिरडीचा की तंबाखूचा, हे वेगळं कसं करणार?

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच करून पाहिलं. पहिला हार्ट अ‍ॅटॅक आलेले ८०५ रुग्ण आणि त्याच वयाचे, त्याच भागातले ८०५ इतर लोक त्यांनी घेतले. हिरड्यांचा आजार रुग्णांमध्ये ४३ टक्के आणि इतरांमध्ये ३३ टक्के निघाला. धूम्रपान, मधुमेह, शिक्षण यांचा हिशेब वजा केल्यावरही अ‍ॅटॅकची शक्यता २८ टक्क्यांनी जास्त राहिली. म्हणजे संबंध आहे, पण रील्समध्ये सांगतात तेवढा मोठा नाही.

मग हिरड्यांवर उपचार केले तर अ‍ॅटॅक टळतो का? हे अजून सिद्ध झालेलं नाही. २००७ मध्ये हिरड्यांचा गंभीर आजार असलेल्या १२० जणांवर एक प्रयोग झाला. ज्यांच्या हिरड्यांची कसून साफसफाई केली, त्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचिकता दुसऱ्या दिवशी उलट कमी झाली होती आणि सहा महिन्यांनी मात्र सुधारलेली दिसली. आशा वाटावी असा निकाल, पण मोजली होती ती रक्तवाहिन्यांची चाचणी, अ‍ॅटॅक नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१२ मध्ये सगळे पुरावे तपासून हेच म्हटलं - संबंध दिसतो, पण हिरड्यांमुळे हृदयविकार होतो किंवा हिरड्यांच्या उपचारानं तो टळतो, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

मग पक्कं काय आहे?

हृदयाच्या झडपा. तोंडाचा हृदयाशी असलेला सगळ्यात थेट संबंध इथे आहे.

तोंडात जंतू कायम असतात. हिरडीला इजा झाली की त्यातले काही रक्तात शिरतात. निरोगी माणसात शरीर त्यांना काही मिनिटांत संपवतं. पण कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा मूळची झडप खडबडीत झालेली असेल, तर जंतूंना चिकटायला जागा मिळते. तिथे ते वाढतात, झडप पोखरतात, त्यांच्या गाठीचे तुकडे सुटून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. तो दुर्मीळ आहे, पण झाला तर सलग चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागतात, कधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं आणि साधारण पाचातला एक रुग्ण हॉस्पिटलमध्येच दगावतो.

भारतात हा धोका असलेल्यांमध्ये तरुण माणसंही बरीच आहेत. लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, सांधे दुखतात, आणि उपचार अर्धवट राहिले तर हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. विशी-तिशीत झडप बदलायची वेळ येते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकारानं तयार झालेली भारतीय बनावटीची झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली आणि हे ऑपरेशन अनेकांच्या आवाक्यात आलं. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते. तोंडाची काळजीही मग तितकीच वर्षं घ्यावी लागते.

अशा रुग्णांना दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा एक डोस द्यायची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत तशी शिफारस पहिल्यांदा १९५५ मध्ये झाली. नंतर प्रश्न पडला की जंतू फक्त दात काढतानाच रक्तात शिरतात का? २००८ मध्ये अमेरिकेत २९० जणांवर हे तपासलं गेलं. औषध न घेता दात काढलेल्या ६० टक्के लोकांच्या रक्तात झडपेला धोकादायक ठरू शकणारे जंतू सापडले. आधी अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होतं. आणि नुसता ब्रश केलेल्यांमध्ये? २३ टक्के.

दात आयुष्यात काही वेळा काढला जातो, ब्रश रोज होतो. म्हणजे हिरड्या सुजलेल्या असतील तर जंतूंना रक्तात शिरायची संधी रोजच मिळते. याच संशोधकांना पुढे असं दिसलं की ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणाऱ्यांमध्ये जंतू रक्तात सापडण्याची शक्यता जवळपास आठपट होती. हे वाचून ब्रश बंद करू नका. हिरड्या निरोगी असतील तर रक्तच येत नाही.

२००७ पासून अमेरिकेत डोसची शिफारस फक्त सर्वाधिक धोका असलेल्यांपुरती उरली आहे. कृत्रिम झडप असलेले, आधी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही विशिष्ट प्रकार असलेले आणि हृदय प्रत्यारोपणानंतर झडपेत बिघाड झालेले रुग्ण त्यात येतात. ब्रिटननं तर मार्च २००८ मध्ये ही पद्धतच थांबवायला सांगितली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की त्यानंतर इंग्लंडमध्ये या आजाराचे रुग्ण अपेक्षेपेक्षा वाढले. त्याचं कारण तेच, हे सिद्ध झालं नाही, पण २०१६ मध्ये ब्रिटननं आपल्या नियमात 'सरसकट' हा शब्द घातला. म्हणजे सरसकट देऊ नका, कुणाला द्यायचा ते डॉक्टरांनी ठरवावं.

स्टेंट, बायपास किंवा पेसमेकर असेल तर हा डोस लागत नाही. अनेकजण तरीही 'हार्ट पेशंट आहे' म्हणून अँटिबायोटिक घेतात. ताप आणि सांधेदुखीतून झडप खराब झालेल्यांबाबत देशोदेशी मतभेद आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये त्यांना डोस दिला जातो, अमेरिकेच्या यादीत ते नाहीत. भारतात यावर आपल्या हृदयरोग तज्ज्ञांचं मत विचारणं हाच मार्ग.

झडपेचा आजार असलेल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. आठवडाभराहून जास्त ताप रेंगाळत असेल, रात्री घाम येत असेल, वजन उतरत असेल, तर मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. आधी ब्लड कल्चर ही तपासणी व्हायला हवी. दोन गोळ्या पोटात गेल्या की रक्तातले जंतू तपासणीत लपतात आणि निदान लांबतं.

पेशंट तक्रार का करत नाही?

दातांच्या त्रासानं रोजचं जगणं किती बिघडलंय, हे मोजायची एक प्रश्नावली आहे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये ती ४९ प्रश्नांची बनवली आणि १९९७ मध्ये १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. जगभर आता तीच वापरतात. दातांमुळे किंवा तोंडाच्या त्रासामुळे शब्द उच्चारायला अडचण येते का, चव बिघडली का, जेवण अर्ध्यावर सोडावं लागतं का, चारचौघांत लाज वाटते का, चिडचिड होते का, नेहमीची कामं अडतात का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण. बेरीज जितकी जास्त, तितका त्रास जास्त.

जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये हार्ट फेल्युअरचे रुग्ण, हृदयाला पंपाचा आधार दिलेले रुग्ण आणि हृदय प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांची अशी पाहणी झाली. दंतवैद्यांनी तोंड उघडून पाहिलं तेव्हा बहुतेकांना हिरड्यांच्या उपचारांची गरज होती. प्रश्नावलीत मात्र त्यांनी फारशी तक्रार केली नव्हती.

ही विसंगती वाटते, पण घरात हार्ट पेशंट असलेल्यांना ती ओळखीची असेल. ज्या माणसानं आयसीयूत आठ दिवस काढलेत, त्याच्यासाठी दाढेचं दुखणं हे दुखणंच राहत नाही. त्रास तेवढाच असतो, पण तो मोजायची पट्टी बदललेली असते. संशोधक याला 'रिस्पॉन्स शिफ्ट' म्हणतात. घरात याचं भाषांतर असं होतं - 'एवढ्या मोठ्यातून वाचलो, आता या वयात दातांचं काय घेऊन बसायचं?' आणि खर्चाचं ओझं आधीच मुलावर पडलंय, त्यात आणखी भर नको, हेही त्यामागे असतं. बाबा बोलत नाहीत, सून-मुलगा विचारत नाहीत आणि हृदयाचा डॉक्टर तोंड बघत नाही.

तक्रार नसली तरी परिणाम ताटात दिसतो. ज्वारीची भाकरी सुटते किंवा दुधात कुस्करून खाल्ली जाते. कोशिंबीर उरते. शेंगदाणे, हरभरे, पेरू, सफरचंद हळूहळू बंद होतात. त्यांच्या जागी मऊ भात, खारी, टोस्ट, ब्रेड, बिस्किटं येतात. म्हणजे तंतू जातात आणि मैदा, मीठ, साखर वाढते, नेमकं पथ्याच्या उलट. मधुमेह असेल तर साखर वर जाते, आणि वाढलेल्या साखरेनं हिरड्या आणखी सैल होतात. लग्नाच्या पंगतीला जाणं टाळलं जातं, कारण बाकीचे उठले तरी आपलं अर्धंच झालेलं असतं.

साधारण २० दात शाबूत असतील तर माणूस बहुतेक अन्न नीट चावू शकतो, असं मानतात. जपाननं याच आकड्यावर १९८९ मध्ये मोहीम काढली होती - ऐंशीव्या वर्षी वीस दात. त्याहून कमी उरले असतील तर कोशिंबीर किसून, फळ वाफवून, उसळ मऊ शिजवून देता येते. चावता येत नाही म्हणून ते ताटातून काढायचं कारण नाही. आहारतज्ज्ञांनी पेशंटला दात किती आहेत एवढं जरी विचारलं, तरी पथ्याचा कागद बदलेल.

कोरडं तोंड: लहान वाटणारा मोठा त्रास

हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात पाणी साठतं म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात आणि अनेकांना पाणी मोजून प्यायला सांगतात. दोन्ही मिळून तोंड कोरडं ठाक पडतं. तहान लागते, पण प्यायचं नाही. रात्री जीभ टाळूला चिकटते आणि झोप मोडते. लाळ नसेल तर कवळी धरत नाही, घास गिळवत नाही, चव लागत नाही. चव लागत नाही म्हणून मीठ जास्त हवंसं वाटतं.

लाळ दातांचं संरक्षणही करते. ती आटली की दातांच्या मुळाशी कीड झपाट्यानं लागते. त्यात बरेचजण तोंड ओलं राहावं म्हणून लिमलेटची गोळी किंवा खडीसाखर चघळत बसतात. म्हणजे किडीला दिवसभर खुराक. त्यापेक्षा पाण्यानं चूळ भरून टाकणं, बर्फाचा छोटा खडा चघळणं (तेवढं पाणी हिशेबात धरून), साखर नसलेलं च्युइंगम किंवा तोंडात वेलची धरणं बरं. लघवीच्या गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. गोळी स्वतःहून बंद करणं मात्र महागात पडू शकतं.

गोळी हृदयाची, परिणाम हिरडीवर

बीपीसाठी दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन काही जणांच्या हिरड्या फुगवते. दातांवर हिरडी चढत जाते, मध्ये अन्न अडकतं. छातीदुखीसाठीच्या निकोरँडिलनं काहींच्या तोंडात मोठे, लवकर न भरणारे चट्टे पडतात. महिनोन्महिने तोंड आलंय म्हणून बी-कॉम्प्लेक्स खाल्ली जाते आणि कारण रोजच्या डबीत असतं. बीपीच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ कॅप्टोप्रिलनं, चव बदलते. असं काही जाणवलं तर डॉक्टरांना सांगायचं, बहुतेक वेळा पर्यायी औषध असतं.

याहून गंभीर आहे ते उलट दिशेचं. दाढ दुखते, रविवार असतो, मेडिकलवाला दोन गोळ्या देतो. एक दुखण्याची, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक. दुसरी 'इन्फेक्शनची', बऱ्याचदा मेट्रोनिडाझोल.

पहिली गोळी शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला तिनं दोन-तीन दिवसांत धाप लागू शकते, पाय सुजू शकतात. दुसरी गोळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉलचा परिणाम जोरात वाढवते. धातूची झडप असलेले अनेकजण हेच औषध रोज घेतात. रक्त इतकं पातळ होऊ शकतं की पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव व्हावा. कवळीखालच्या बुरशीसाठी लावायची मायकोनाझोलची जेलसुद्धा हेच करते. नुसतीच तोंडात लावायची जेल, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

दाढ दुखत असताना हार्ट पेशंटसाठी सहसा पॅरासिटामॉल जास्त सुरक्षित असते, तीही ठरलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिनची गोळी कुटून दाढेत भरायचा घरगुती उपाय कुणीच करू नये. त्यानं हिरडी भाजते.

दात काढायचाय, रक्त पातळ करणारी गोळी बंद करायची का?

मनानं तर अजिबात नाही. गैरसमज इथे सगळ्यात जास्त आहेत आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. पेशंट रक्त थांबणार नाही या भीतीनं आठवडाभर आधी गोळ्या सोडतो. काही दवाखान्यांत हार्ट पेशंट म्हटलं की दात काढायलाच नकार मिळतो.

हिशेब साधा आहे. दाढेच्या खळग्यातून आलेलं रक्त डोळ्यांना दिसतं. कापूस दाबून, टाका घालून, रक्त गोठवणाऱ्या औषधानं ते थांबवता येतं. स्टेंटमध्ये किंवा कृत्रिम झडपेवर झालेली गुठळी दिसत नाही आणि ती जीव घेऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतल्या हृदयरोग आणि दंतवैद्यक संघटनांनी २००७ मध्ये एकत्र येऊन सांगितलं, की औषध लावलेला स्टेंट बसवल्यावर वर्षभर दोन्ही गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दातांच्या कामासाठी बंद करू नयेत. तातडीचं नसलेलं काम असेल तर ते पुढे ढकलावं.

वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल घेणाऱ्यांची आयएनआर तपासणी होते. ब्रिटनमधल्या मार्गदर्शनानुसार आयएनआर ४ च्या खाली असेल तर एक-दोन दात गोळी न थांबवता काढता येतात. मात्र रिपोर्ट ताजा हवा, शक्यतो आदल्या दिवसाचा. महिन्यापूर्वीचा कागद चालत नाही. दात काढल्यावर चार दिवस नुसती पेज आणि खीर खाल्ली, रोजची पालेभाजी बंद झाली, तर त्यानंही आयएनआर हलू शकतो. नव्या पिढीच्या गोळ्यांचे नियम थोडे वेगळे आहेत. कधी सकाळचा एक डोस उशिरा घ्यायला सांगतात. ते हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

दुखणं दाढेचंच आहे ना?

कधी कधी खालच्या जबड्यात दुखतं आणि कारण छातीत असतं. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखायला लागला, थांबल्यावर थांबला, सोबत घाम किंवा धाप असेल, तर दंतवैद्याकडे जाण्याआधी ईसीजी काढायला हवा. किडकी दाढ गारगरम लागल्यावर किंवा चावल्यावर ठणकते, जिन्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. अचानक सुरू झालेलं आणि विश्रांतीनंही न थांबणारं दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल.

दंतवैद्याकडे जाताना

झडपेचं ऑपरेशन ठरलं की हॉस्पिटल दातांची तपासणी करून यायला सांगतं. बऱ्याच घरांत हा कागद फक्त सहीपुरता उरतो आणि ऑपरेशनच्या दोन दिवस आधी धावपळ होते. तेव्हा दात काढायला आणि जखम भरायला वेळ नसतो. झडप लवकरच बदलावी लागणार हे कळलं त्याच आठवड्यात दात दाखवले, तर काम सावकाश होतं.

हृदयाची मोठी ऑपरेशन्स सरकारी योजनांतून होतात. रोजच्या दातांच्या कामाला मात्र बहुतेक आरोग्य विम्यात जागा नाही. दाढ भरणं, हिरड्या साफ करणं, कवळी, सगळं खिशातून. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं किंवा मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय इथे हे काम कमी खर्चात होतं. शिवाय गरज पडली तर सल्ला घ्यायला मोठं हॉस्पिटल जवळ असतं.

जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेवटचा इको आणि आयएनआर रिपोर्ट सोबत न्यायचा. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात ठेवायची. पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं. अ‍ॅटॅक नुकताच येऊन गेला असेल तर तातडीचं नसलेलं काम कधी करायचं, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. भूल देण्याच्या इंजेक्शनमध्ये अ‍ॅड्रिनलिन असतं, त्याचं प्रमाण हार्ट पेशंटसाठी मर्यादित ठेवतात, म्हणून आजार लपवायचा नाही.

आणि खुर्चीबद्दलही सांगायचं. ज्याला रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही, त्याला दंतवैद्याच्या खुर्चीत सपाट आडवं केलं तर थोड्याच वेळात धाप लागते, आणि तोंड उघडं असल्यानं बोलताही येत नाही. पाठ उंच ठेवून, मध्ये मध्ये थांबत, दोन-तीन छोट्या भेटींत तेच काम होतं.